शेवटच्या काळ्या फ्रेमपर्यंत: आर्टहाउस सिनेमा थिएटरात पाहताना

महोत्सवाच्या किंवा फिल्म सोसायटीच्या पत्रकात चित्रपटाच्या नावाखाली बारीक टाइपात एक ओळ असते. सन, मिनिटं, रंगीत की कृष्णधवल, १.३७ किंवा १.८५ असा एखादा आकडा आणि शेवटी डीसीपी, ३५ मिमी, ब्लू-रे यांपैकी काहीतरी. बहुतेक जण ती ओळ ओलांडून थेट कथासारावर जातात. आम्ही उलट करतो. आधी ती ओळ, आणि कथासार शक्यतो चित्रपट पाहून झाल्यावर. कथा कुठेही वाचायला मिळते. पडद्यावर काय आणि कसं उमटणार आहे, हे फक्त त्या ओळीत असतं.

आम्ही खुर्चीतही बसलो आहोत आणि प्रोजेक्शन रूममध्येही उभे राहिलो आहोत. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली. कथेच्या जोरावर धावणारा चित्रपट वाईट प्रोजेक्शनमध्येही बऱ्यापैकी पोहोचतो. ज्याचं सगळं म्हणणं चौकटीच्या कडा, अंधाराच्या छटा आणि शांततेतले बारीक आवाज यांतून येतं, तो मात्र पोहोचत नाही. आणि तो पोहोचला नाही हे प्रेक्षकाला कळतही नाही. त्याला फक्त कंटाळा येतो, आणि खापर दिग्दर्शकाच्या डोक्यावर फुटतं.

आधी प्रत कोणती ते बघा. आज सर्वसाधारणपणे डीसीपी असते, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरसाठी बनवलेला डिजिटल संच. त्यातली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठवलेली असते आणि सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट इतका डेटा वाहू शकतो. त्या कमाल वेगाने शंभर मिनिटांचा चित्रपट १८७ जीबीच्या आसपास जातो. पत्रकात ‘ब्लू-रे’ लिहिलं असेल तर अपेक्षा बेतानेच ठेवा. चित्र चालून जातं, पण अंधाऱ्या प्रसंगात काळ्या रंगाचे चौकोनी तुकडे पडलेले दिसतात. शिवाय टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने बनवलेली प्रत असेल, तर २४ फ्रेमचा चित्रपट चार टक्के वेगाने पळतो. शंभर मिनिटांचा शहाण्णवमध्ये संपतो आणि आवाजाची पट्टी थोडी वर चढते. वरवर क्षुल्लक वाटतं, पण ज्या चित्रपटात मुद्दाम संथ चाल धरली आहे तिथे हीच चार टक्क्यांची घाई जाणवते. नेहमीचा कालावधी आणि पत्रकातली मिनिटं यांत असा चार टक्क्यांचा फरक दिसला, तर शंका घ्यायला जागा आहे.

३५ मिमीची, म्हणजे प्रत्यक्ष फिल्मची, प्रिंट असेल तर शक्यतो सोडू नका, पण ती आपसूकच श्रेष्ठ असते असंही नाही. १९८०च्या दशकाआधीच्या पुष्कळ रंगीत प्रिंट रंग उडून गुलाबी झाल्या आहेत. आकाशही गुलाबी आणि गवतही विटकरी. ती दिग्दर्शकाची रंगयोजना नव्हे. प्रिंट कोणत्या साली काढली आणि कोणत्या संग्रहातून आली हे पत्रकात दिलं असेल, तर आयोजक जाणकार आहेत असं समजावं. ‘पुनर्संचयित’ या शब्दामागेही बरंच काही असतं. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची (१९५५) मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या लॅबच्या आगीत होरपळली होती. तिचे वाचलेले तुकडे भिजवून, हाताने दुरुस्त करून आणि उरलेला भाग इतर प्रतींतून भरून २०१५ मध्ये ४के, म्हणजे बारीक तपशील टिपणारी डिजिटल प्रत तयार झाली. अशी प्रत पाहताना काही दृश्यं इतरांपेक्षा मऊ दिसली, तर तो प्रोजेक्टरचा दोष नसतो. तिथे दुसऱ्या प्रतीचा भाग वापरलेला असतो.

आता तो आकडा. १.३७ म्हणजे चौकटीची रुंदी उंचीच्या १.३७ पट. बोलपट स्थिरावल्यापासून १९५०च्या दशकापर्यंतचे बहुतेक चित्रपट या आकाराचे, आणि आजचेही काही दिग्दर्शक मुद्दाम तोच निवडतात. १.६६ आणि १.८५ त्याहून रुंद, २.३९ म्हणजे स्कोप. हा आकडा कळल्याशिवाय तिकीट काढू नये असं आमचं मत आहे, कारण कोणत्या रांगेत बसायचं हे त्यावर ठरतं.

गणित सोपं आहे. समजा पडदा स्कोपसाठी बांधलेला आहे, रुंदी १२ मीटर. उंची झाली साधारण ५ मीटर. या पडद्यावर स्कोप चित्रपट ३६ अंशांच्या कोनात दिसायला हवा असेल, तर साडेअठरा मीटर अंतरावर बसलं तरी चालतं. पण त्याच पडद्यावर १.३७ चा चित्रपट उंचीत तेवढाच आणि रुंदीत फक्त ६.९ मीटर दिसतो. तोच कोन हवा असेल तर साडेदहा मीटरपर्यंत पुढे यावं लागतं. म्हणजे जी मागची-मधली खुर्ची नेहमी ‘उत्तम’ म्हणून आधी भरते, तिथून जुना कृष्णधवल चित्रपट टपाल तिकिटाएवढा दिसणार. आमचा ठोकताळा असा: स्कोपसाठी हॉलच्या मध्यापासून थोडं मागे, १.८५ साठी मध्यावर, १.३७ साठी मध्याच्या पुढे तीन-चार रांगा. काही हॉलमध्ये पडदाच १.८५ चा असतो. तिथे उलटं होतं. स्कोपला वर-खाली काळ्या पट्ट्या पडतात आणि उंचीत तोच सगळ्यांत लहान दिसतो. हॉल अनोळखी असेल तर पाच मिनिटं आधी जाऊन कोरा पडदा बघावा, हे कळून येतं.

सबटायटल वाचावी लागणार असतील तर आणखी एक हिशेब. सबटायटल चौकटीच्या तळाशी असतात. अगदी पुढे बसलात तर नजर सतत तळ ते माथा असा प्रवास करते, आणि दोन ओळी वाचून वर येईपर्यंत चेहऱ्यावरचा भाव निसटलेला असतो. पायऱ्यांच्या हॉलमध्ये पुढच्याचं डोकं आड येत नाही. सपाट जमिनीच्या सभागृहात मात्र ते नेमकं सबटायटलच्या जागी येतं. तिथे वाटेच्या कडेची खुर्ची घ्यावी, तिरकं पाहता येतं. कडेच्या खुर्चीचा दुसरा फायदा पुढे सांगतो.

थिएटरात दहा मिनिटं आधी पोहोचणं हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला वेळ लागतो. पहिली काही मिनिटं भराभर फरक पडतो आणि पूर्ण सवय व्हायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. रात्रीच्या प्रसंगाने उघडणाऱ्या चित्रपटात उशिरा आलेल्याला पडदा नुसता काळा दिसतो. हॉलमध्ये बसल्यावर फोन उघडला की ही सगळी तयारी वाया. मधेच एकदा ‘किती वाजले’ एवढंच पाहिलं तरी पुढची काही मिनिटं सावल्यांमधला तपशील जातो, तुमचाही आणि शेजारच्याचाही.

चित्रपट सुरू झाला की पहिली पाच मिनिटं आम्ही अर्धे प्रेक्षक आणि अर्धे तपासनीस असतो. जे बिघडतं ते बहुतेकदा याच वेळात दिसतं आणि याच वेळात दुरुस्त होऊ शकतं. दहा मिनिटं उलटली की कुणी खेळ थांबवत नाही.

सर्वांत आधी चौकट. १.३७ चा चित्रपट असेल तर डाव्या-उजव्या बाजूला काळी जागा राहिलीच पाहिजे. ती राहिली नाही आणि चित्राने रुंद पडदा भरून टाकला, तर दोनपैकी एक झालं आहे. एक तर चित्र ताणलंय: चेहरे रुंद, चाकं लंबगोल. ब्लू-रे प्लेअरची सेटिंग चुकली की हे होतं, आणि १.३७ ला १.७८ पर्यंत ओढलं तर माणसं तीस टक्के जाड दिसतात. हे निदान कळतं तरी. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण चित्र नैसर्गिक दिसतं: रुंदी भरेपर्यंत ते मोठं केलेलं असतं आणि वरचा-खालचा भाग पडद्याबाहेर गेलेला असतो. १.३७ ला असं १.८५ मध्ये बसवलं तर चौकटीचा २६ टक्के भाग गायब होतो. ओळखायची खूण म्हणजे श्रेयनामावली. नावांच्या वरच्या ओळी कापल्या गेल्या असतील, किंवा उभ्या माणसांची कपाळं प्रत्येक शॉटमध्ये छाटलेली दिसत असतील, तर उठा.

मात्र प्रत्येक काळी जागा म्हणजे चूक नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवं. झाविए दोलांच्या ‘मॉमी’ची (२०१४) चौकट जवळपास पूर्ण वेळ १:१, म्हणजे चक्क चौरस आहे. मध्ये एका क्षणी नायक दोन्ही हातांनी ती चौकट ढकलून रुंद करतो. कुणा उत्साही ऑपरेटरने चौरसाच्या कडेला काळे पडदे ओढून घेतले असतील, तर तो क्षण पडद्याआड जातो. वेस अँडरसनच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये (२०१४) काळानुसार १.३७, १.८५ आणि स्कोप अशा तीन चौकटी येतात. पत्रकातली ओळ वाचलेली असेल तर अशा वेळी उगाच धावपळ होत नाही.

त्या काळ्या पडद्यांना मास्किंग म्हणतात. ते चित्राच्या कडेपर्यंत सरकवले की चौकट रेखीव दिसते. बऱ्याच ठिकाणी ते आता सरकवतच नाहीत, काही ठिकाणी बसवलेलेच नसतात. डिजिटल प्रोजेक्टरचा ‘काळा’ हा खरा काळा नसतो, राखाडी असतो. त्यामुळे मास्किंग नसेल तर चित्राशेजारी एक धूसर उजळ पट्टा सतत डोळ्यांच्या कोपऱ्यात राहतो. कृष्णधवल चित्रपटाला हे सर्वांत जास्त मारक. तक्रार करून पाहावी, पण यंत्रणाच नसेल तर आशा धरू नये.

दुसरं फोकस. चित्र मऊ दिसतंय, पण दोष कुणाचा? डीसीपी असेल तर सबटायटलकडे पाहा. अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ आणि चित्र मऊ, तर तो मऊपणा मूळ छायाचित्रणाचा किंवा जुन्या निगेटिव्हचा. अक्षरंही पाझरलेली, तर लेन्स. चारही कोपरे पाहावेत. मधोमध नेमकं आणि एका बाजूला धूसर असेल तर प्रोजेक्टर आणि पडदा यांची रेषा जुळलेली नाही, आणि ते त्या खेळापुरतं सुधारत नाही. सबटायटल नसतील तर फिल्मचे दाणे शोधा. सपाट आकाशात किंवा भिंतीवर बारीक वळवळ दिसते, ती दिसणं ही चांगली खूण आहे. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘प्रिंट खराब आहे, मुंग्या येतायत.’ मुंग्या असू द्याव्यात. त्या पुसून काढलेल्या प्रतींमध्ये माणसांची कातडी मेणाची होते.

तिसरं प्रकाश. डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजण्याचं एकक) हे प्रमाण आहे. खुर्चीत बसून ते मोजता येत नाही, पण पांढरा शर्ट मळकट राखाडी दिसत असेल तर दिवा म्हातारा झालाय, किंवा आधीच्या थ्रीडी खेळाचं फिल्टर लेन्ससमोर तसंच राहिलंय. त्या फिल्टरने निम्म्याहून जास्त प्रकाश खाल्ला जातो. काढायला क्षणभर पुरतो, फक्त कुणीतरी सांगायला हवं.

चौथं आवाज, आणि इथे सर्वाधिक गल्लत होते. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण ज्या पातळीवर केलेलं असतं, ती थिएटरच्या ध्वनियंत्रावरच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या कळीवर, ‘७’ या आकड्याशी जुळवलेली असते. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, प्रेक्षक कुरकुरतात, म्हणून कर्मचारी तो आकडा ५ वर किंवा त्याहून खाली आणून ठेवतात. एकेक आकड्याला सुमारे ३.३ डेसिबल, म्हणजे दोन आकड्यांत साडेसहा डेसिबल गेले. मारधाडीच्या चित्रपटाला त्याने काही होत नाही. पण ज्या चित्रपटात दूरच्या रेल्वेचा आवाज, पंख्याची घरघर, दुसऱ्या खोलीतलं कुजबुजणं हीच पटकथा आहे, त्याचा निम्मा मजकूर एसीच्या आवाजाखाली गाडला जातो. म्हणून ‘आवाज वाढवा’ एवढंच न म्हणता ‘फेडर सातवर घ्या’ म्हणावं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की समोरच्याला यातलं कळतं. उलट, जुना मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचा, चित्रपट असेल आणि आवाज फक्त पडद्याच्या मधूनच येत असेल, तर तक्रार करू नये. तो तसाच यायला हवा.

सबटायटलच नसणं हा पाचवा प्रकार. डीसीपीमध्ये एकाच चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या असू शकतात, सबटायटलसह आणि त्याविना, आणि वेळापत्रकात चुकीची लावली जाते. पहिला संवाद आला आणि खाली काही उमटलं नाही की दिग्दर्शकाला असंच हवं असेल असा उदात्त विचार करत बसू नका.

खेळ सुरूच झाला नाही, तर बहुधा चावीचा घोटाळा असतो. कुलूपबंद डीसीपीसाठी डिजिटल चावी लागते. ती ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच चालते. सर्व्हर बदललेला असेल, ऐनवेळी हॉल बदलला असेल किंवा चावीची मुदत दुसऱ्या दिवसापासून असेल, तर चित्रपट सर्व्हरवर असूनही उघडत नाही. नवीन चावी वितरकाकडून येते, ईमेलने आली तरी माणूस तिकडे जागा असावा लागतो. अर्धा तास वाट पाहण्यात अर्थ आहे; त्यापुढे पैसे परत मागावेत.

सांगायचं कसं? आता बहुतेक ठिकाणी प्रोजेक्शन रूममध्ये माणूस नसतो, वेळापत्रकाप्रमाणे यंत्र आपोआप चालू होतं. तेव्हा मागे वळून ओरडण्याचा उपयोग शून्य. दाराशी जाऊन कर्मचाऱ्याला गाठावं लागतं आणि तो पुढे फोन करतो. म्हणून कडेची खुर्ची. वाक्य एकच आणि नेमकं असावं: ‘हॉल दोनमध्ये १.३७ चा चित्रपट आहे, वरून-खालून कापला जातोय, लेन्सची सेटिंग बदला.’ ‘पिक्चर नीट दिसत नाही’ असं म्हटलंत तर कुणीतरी येऊन दारातून पाहून ‘दिसतंय की’ म्हणत परत जातं. ही गोष्ट आपल्याशिवाय कुणी करणार नाही असं धरून चालावं. हॉलमधले सगळे जण दुसरं कुणीतरी उठेल म्हणूनच बसलेले असतात.

३५ मिमीच्या खेळाला वेगळ्या गमती. दोन हजार फुटांचं रीळ साधारण वीस मिनिटं चालतं, मिनिटाला ९० फूट. संग्रहालयाच्या प्रिंट कापून-जोडून एका मोठ्या रिळात लावायला सहसा परवानगी नसते, म्हणून दोन प्रोजेक्टर आणि दर वीस मिनिटांनी बदल. चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो. तो दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करण्याची खूण. सुमारे सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि बदल. एकदा दिसायला लागला की दिसतच राहतो, हे मान्य. चित्र अर्ध्यावर कापून वर पाय आणि खाली डोकी आली, तर फिल्म दात्यांवर चुकीची बसली आहे. फ्रेमिंगची कळ फिरवून ते क्षणात सुटतं. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर फिल्मचा लूप, म्हणजे यंत्रात सोडलेला तिचा सैल वळसा, चुकला आहे, कारण आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीपासून वीसेक फ्रेम दूर असतो. हे बहुधा रीळ बदलल्यावर दुरुस्त होतं. मूकपटाला वेग वेगळा: १८ फ्रेमचा चित्रपट २४ वर चालवला तर माणसं तुरुतुरु पळतात आणि शोकांतिकेचा फार्स होतो.

पाच मिनिटं नीट गेली की तपासनीस सोडून द्यायचा. आता खरं काम नजरेचं. तार्कोव्स्कीच्या ‘स्टॉकर’मध्ये (१९७९) अडीच तासांहून अधिक वेळात जेमतेम १४० च्या आसपास शॉट आहेत, म्हणजे सरासरी एक शॉट मिनिटापेक्षा लांब. घरच्या पडद्यावर अशा शॉटमधली माहिती दहा सेकंदांत संपते. मोठ्या पडद्यावर एका नजरेत सगळी चौकट मावतच नाही, म्हणून डोळा फिरतो: आधी चेहरा, मग मागची भिंत, मग दाराची फट, परत चेहरा. लांब शॉट या फिरण्यासाठीच लांब असतो. शांताल अकरमानच्या ‘जान दिलमान’मध्ये (१९७५, २०१ मिनिटं) कॅमेरा हलत नाही आणि एक बाई तीन दिवस घरकाम करते. पहिल्या दिवसाचा क्रम बारकाईने पाहिला असेल तरच दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले हा हादरा वाटतो. पहिला तास ‘काही घडत नाही’ म्हणून डुलक्या काढल्या असतील तर तो नुसता स्वयंपाक.

डुलकीचं म्हणाल तर ती येते, जाणकारांनाही येते. इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी तर प्रेक्षकाला झोपू देणाऱ्या चित्रपटांची बाजूच घेत असत. तरी भरपेट जेवून तीन तासांच्या संथ चित्रपटाला बसू नये, आणि महोत्सवात दिवसाला तीनपेक्षा जास्त चित्रपट घेऊ नयेत. चौथ्याची आठवण पहिल्या तिघांत मिसळते. बेला तारचा ‘सातानतांगो’ (१९९४) सात तासांहून मोठा आहे. तो सहसा दोन मध्यंतरं घेऊन दाखवतात. अशा दिवशी दुसरं काहीच ठरवू नये. पाणी घोट-घोट, आणि मध्यंतरात फोनऐवजी पायांना काम.

शेवटाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. स्वयंचलित यंत्रणेत हॉलचे दिवे लागण्याची खूण हाताने बसवलेली असते, आणि ती बहुधा श्रेयनामावली सुरू होण्याच्या जागी टाकतात. अनेक चित्रपटांत मात्र शेवटचा शॉट संपल्यावर काळ्या पडद्यावर आवाज चालू राहतो, पाऊस, श्वास, दूरची गाडी. दिवे लागले की लोक उठतात आणि तो आवाज खुर्च्यांच्या खडखडाटात जातो. आयोजक ओळखीचे असतील तर खेळाआधीच सांगून ठेवावं: खूण शेवटच्या काळ्या फ्रेमवर टाका. नसतील ओळखीचे, तर शेजारच्याला जायला वाट हवी म्हणून पाय तेवढे आत घ्या. उठू नका.